मिनिटाला चोवीस थेंब

१९७५ चा पावसाळा. कोलकात्याच्या एका सरकारी रुग्णालयात, मुलांच्या वॉर्डात मला नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. रात्रपाळी होती. अकरा नंबरच्या कॉटशी बसून एक आई पोराला थोपटत काहीतरी गुणगुणत होती. बंगाली मला तेव्हा निम्मंच कळायचं, पण ‘बर्गी’ हा शब्द पुन्हापुन्हा कानावर आला म्हणून वॉर्डातल्या मासीला विचारलं, हे बर्गी म्हणजे कोण? मासी म्हणाली, ‘‘डाकात गो, दीदी. घोड्यावरून यायचे, धान लुटून न्यायचे. पोरगं झोपत नसलं की त्यांचं नाव घ्यायचं.’’ कुठून यायचे? ‘‘के जाने! नागपूर-टागपूर.’’

माझं माहेर नागपूरच्या महालातलं, भोसल्यांच्या वाड्यापासून हाकेवर. त्या रात्री मी काही बोलले नाही.

बर्गी म्हणजे आपले बारगीर. रघूजी भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर १७४२ साली बंगालवर चालून गेले, तेव्हा त्यांच्या धास्तीनं कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठा डिच. तीनेक मैल खणून झाला, मराठे काही शहरापर्यंत आले नाहीत आणि कोलकातेकरांना मात्र ‘डिचर’ असं टोपणनाव पडलं. पुढे खंदक बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला. सियालदहचं नीलरतन सरकार रुग्णालय त्याच रस्त्यावर आहे. आपल्या लोकांना अडवायला जो चर खणला, त्याच्यावरून बसनं ये-जा करत मी पस्तीस वर्षं बंगाल्यांची पोरं सांभाळली. यजमान गार्डन रीचला, रेल्वेच्या कचेरीत. ही पूर्वीची बंगाल नागपूर रेल्वे, जुने लोक अजून बीएनआरच म्हणतात. तिनंच आम्हाला इकडे आणलं. माझं रजिस्ट्रेशन महाराष्ट्रातून बंगालच्या नर्सिंग कौन्सिलकडे बदलून घेण्यात वर्ष गेलं आणि मग नोकरी लागली ती कायमची.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. ती नागपुरात एम.एस्सी. नर्सिंग करते, विषय बालआरोग्य. प्रबंधात तिला इतिहासाचं प्रकरण घालायचं होतं. फोनवर म्हणाली, ‘‘मावशी, गंभीर आजारी मुलांच्या नर्सिंगचं प्रगत शिक्षण तुझ्या कोलकात्यात कधी सुरू झालं? एक साल सांग ना फक्त.’’

कोर्स कधी सुरू झाला त्याचं साल फायलीत मिळतं. शिक्षण त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं, कॉटच्या कडेला, रात्रीच्या वेळी, आणि बऱ्याचदा चुकत चुकत. मी तिला म्हटलं, तुला सालच हवं तर श्रीरामपूरपासून धर. नगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळीकाठचं.

२४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात सतरा वर्षांची एक मराठी मुलगी उभी राहिली आणि आपण अमेरिकेला डॉक्टर व्हायला का जातोय ते तिनं भरसभेत सांगितलं. आनंदीबाई जोशी. गोपाळरावांची नोकरी पोस्टखात्यातली, बदल्यांमागून बदल्या, म्हणून हे जोडपं तेव्हा बंगालमध्ये होतं. त्या भाषणाची हकीकत आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. मला मात्र त्याच्या मागची गोष्ट जास्त लागते. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला होता आणि तो दहा दिवसांचा होऊन गेला. दहा दिवस! ७ एप्रिलला कोलकात्याच्या बंदरातून तिची बोट सुटली. १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली, १८८७ मध्ये पुण्यात गेली, बावीसही पुरती झाली नव्हती. एका आईनं दहा दिवसांच्या बाळासाठी शिकायला निघावं आणि ते बंदर कोलकात्याचं असावं, यापेक्षा चांगली सुरुवात माझ्याकडे नाही.

त्याच दशकात क्लेवरच्या इंग्रज जोगिणी, म्हणजे अँग्लिकन सिस्टर, कोलकात्याच्या मोठ्या रुग्णालयांत शुश्रूषेची घडी बसवत होत्या आणि मुली तयार करत होत्या. मुली बहुतेक युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन. मुंबईकडे १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत नर्सिंग शिकायला आली. शिक्षणाला आलेली पहिली भारतीय नर्स म्हणून आमच्या पाठ्यपुस्तकात तिच्यावर एक ओळ असायची. एकच ओळ. आम्ही ती परीक्षेपुरती पाठ करायचो आणि विसरायचो.

मुलं तेव्हा कुठे होती? बायकांच्या वॉर्डात, आईच्या कुशीला. मूल म्हणजे लहान आकाराचा माणूस आणि औषधही त्याच मापानं अर्धं-पाव, अशी समजूत. ती मोडायला ज्यांनी हात घातला त्यांत कोलकात्याचे डॉ. क्षीरोदचंद्र चौधुरी पहिल्या रांगेत. त्यांनी १९३३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ पेडिॲट्रिक्स’ काढलं. मुलांचा डॉक्टर ही जातच जिथे नवी होती, तिथे या माणसानं मासिक काढलं! त्याच्या एक वर्ष आधी रामकृष्ण मिशननं भवानीपूर भागात ‘शिशुमंगल प्रतिष्ठान’ उघडलं होतं, आयाबाया आणि तान्ह्या मुलांसाठी. आज त्याचं नाव सेवा प्रतिष्ठान आहे, पण टॅक्सीवाल्याला अजून शिशुमंगलच सांगावं लागतं. चौधुरींनी मग १९५० च्या दशकात पार्क सर्कसला इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थ उभी केली, बालआरोग्याला वाहिलेली देशातली पहिली संस्था. पुढे नारकेलडांगा भागात बिधानचंद्र रायांच्या नावाचं मुलांचं रुग्णालय झालं.

डॉक्टर असे तयार होत गेले. नर्सचं काय? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात आकडा आहे, तीस कोटींच्या देशात नर्स सुमारे सात हजार. म्हणजे त्रेचाळीस हजार माणसांमागे एक. त्याच वर्षी दिल्लीला आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी सुरू झाली, १९४७ मध्ये नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला. कागद तयार होत होते. आमच्या तीन-साडेतीन वर्षांच्या डिप्लोमात मुलांचं नर्सिंग मात्र थोडक्यात उरकलेलं असायचं. जन्मापासून पहिल्या वर्षापर्यंतचे टप्पे, लसी, दूध पाजायची पद्धत. मूल मरायला टेकलं तर काय करायचं, ते वॉर्डानं शिकवायचं.

वॉर्डानं मला पहिल्यांदा शिकवलं ते अंधारात. धनुर्वाताची खोली होती. सहा-सात दिवसांचं बाळ यायचं, आई सांगायची, काल चांगलं पीत होतं, आज तोंडच उघडत नाही. नाळ कापलेली असायची बांबूच्या पात्यानं किंवा जुन्या ब्लेडनं, वर शेण किंवा राख. बंगालच्या खेड्यात याला ‘पेंचोय पावा’ म्हणत, पेंचो नावाचं भूत बाळाला धरतं म्हणून. मला हसू यायचं नाही, कारण आमच्या आजीच्या तोंडी सटवी होती. सटवाई सहाव्या दिवशी येते, बंगालची षष्ठीही सहाव्या दिवशी पुजतात, आणि धनुर्वातही त्याच सुमाराला दिसायला लागतो. दोन्ही मुलखांतल्या बायकांनी एकच रोग बरोबर ओळखला होता, फक्त ब्लेडकडे बोट दाखवायचं राहिलं होतं.

खोलीच्या खिडक्यांना काळे पडदे. दाराला आवाज होऊ नये म्हणून बिजागरीत तेल. कारण दार आपटलं, पत्र्याचा ट्रे वाजला, कुणी दिवा लावला, की बाळाचं अंग धनुष्यासारखं ताणायचं आणि श्वास अडकायचा. तिथे काम करणारी एक बुजुर्ग दीदी होती. शिक्षणानं माझ्यापेक्षा कमी, जुन्या ज्युनियर कोर्सची. ती आधी आपले हात एकमेकांवर घासून गरम करायची, मग बाळाला हात लावायची. नाकातल्या नळीनं आईचं काढलेलं दूध द्यायचं, कुशी बदलायची, तोंड पुसायचं, सुई टोचायची, ही चार कामं चार वेळा करायची नाहीत, औषधाचा अंमल चढला की एकाच फेरीत उरकायची आणि मग दोन तास बाळाला शिवायचंही नाही. पुष्कळ वर्षांनी मी अतिदक्षता नर्सिंगच्या पुस्तकात ‘कमीत कमी हाताळणी’ असं प्रकरण वाचलं. चांगलं लिहिलं होतं. दीदीला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

भारतातून माता-बाल धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. आता एखादी विद्यार्थिनी विचारते, मॅडम, तुम्ही असं बाळ पाहिलंय? पाहिलंय. त्यातली किती घरी गेली ते विचारू नकोस, एवढंच मी सांगते.

आता माझी चूक. ही मी पुढे शिकवायला लागल्यावर प्रत्येक बॅचला सांगितली आहे, म्हणून इथेही सांगायला लाज नाही. सहा किलोचं एक पोर होतं, जुलाबानं सुकलेलं. पहिला सलाईनचा भर होऊन गेला होता आणि डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, ताशी २४ मिली. मुलांचा जो मायक्रोड्रिप सेट असतो त्याचे साठ थेंब म्हणजे एक मिली. त्यामुळे हिशेब फार सोपा पडतो, ताशी जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. चोवीस मिली, चोवीस थेंब. त्या रात्री मायक्रोड्रिप संपले होते. स्टोअर बंद. मी मोठ्या माणसांचा सेट लावला आणि घड्याळ धरून मिनिटाला चोवीस थेंब सोडले. त्या सेटचे पंधरा थेंब म्हणजे एक मिली. म्हणजे तासाला चोवीसच्या जागी शहाण्णव मिली जात होतं, चौपट. वॉर्डात चाळीस मुलं आणि आम्ही दोघी. अडीच तासांनी मी परत त्या कॉटशी गेले तर पोराच्या पापण्या सुजलेल्या आणि प्रत्येक श्वासासरशी कण्हल्यासारखा बारीक हुंकार. तो हुंकार मी ओळखला, कारण ओळखायला मला कुणीतरी शिकवलं होतं. थेंबाचा हिशेब सेटप्रमाणे बदलतो, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

सलाईन बंद केलं, डॉक्टरांना उठवलं, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. पोर वाचलं. आईला काही कळलं नाही, मला ती जाताना पाया पडली. मी पाय मागे घेतले.

पुढे ट्यूटर झाल्यावर माझा पहिला तास ठरलेला. टेबलावर मातीची भांडी मांडायची, कोलकात्यात चहा मिळतो ती. तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात रक्त किती? किलोला साधारण ८० मिली, म्हणजे २४० मिली. तीन-चार भांडी चहा. बस्, तेवढ्यावर तो जीव चालतो. मग त्यातून मी चमच्यानं काढत जायची. सकाळी तपासणीला दोन मिली, दुपारी तीन, रात्री परत दोन, सुई नीट लागली नाही म्हणून सांडलं ते एक. मुली बघत राहायच्या. मग श्वास मोजायला शिकवायची, पुरता एक मिनिट, पंधरा सेकंदांना चारनं गुणून नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा साठ किंवा वर गेला, वर्षाच्या आतल्याचा पन्नास, पाच वर्षांपर्यंतच्याचा चाळीस, तर तो वेगानं श्वास घेतोय. यंत्र नसलं तरी चालेल, घड्याळ पाहिजे. आणि खरं सांगायचं तर मिनिटभर एका जागी उभी राहायची परवानगी पाहिजे.

सलाईनशी या शहराचं नातं जुनं आहे. कॉलऱ्याच्या रोग्यांना शिरेतून खारं पाणी देण्याचे लिओनार्ड रॉजर्सचे प्रयोग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले, इथलेच. पण शिरेतून द्यायला सुई लागते, बाटली लागते, आणि थेंब मोजणारी कुणीतरी लागते. डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जींनी १९५३ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं की १८६ कॉलऱ्याच्या रोग्यांना आपण तोंडावाटे पाणी-मीठ-साखर दिली. जगानं त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग १९७१ उजाडलं.

मी तेव्हा नागपुरात शिकत होते. जे ऐकलं ते नंतर, त्या वर्षी निर्वासितांच्या छावणीत राबलेल्या एका दीदीकडून. पूर्व पाकिस्तानातून लोंढे येत होते, सीमेवरच्या बोनगावला कॉलरा फुटला. डॉ. दिलीप महालनबिस तिथे पोचले तेव्हा दोन खोल्या भरून रोगी जमिनीवर पडलेले, सलाईन लावायचं तर त्या घाणीत गुडघे टेकून बसावं लागे. बाटल्या संपत आल्या. महालनबिस मुळात मुलांचे डॉक्टर. त्यांनी ठरवलं, तोंडावाटे द्यायचं. एका लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. कोलकात्यात त्यांच्या संशोधन संस्थेच्या लायब्ररीच्या खोलीत बसून लोक पुड्या भरत होते, प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड कपड्याच्या गरम इस्त्रीनं बंद करत होते. बोनगावला ते मोठ्या पिंपांत कालवायचं, पिंपाला तोटी. आणि पाजायचं कुणी? नर्स मोजक्या, रोगी हजारांनी. आयांनी, बहिणींनी, बापांनी, मगानं, वाटीनं. बंगालमध्ये बाळाला दूध पाजायचा झिनुक असतो, शिंपल्याच्या आकाराचा, आपल्या बोंडल्याचाच भाऊ. दीदी म्हणायची, ‘‘झिनुकानं पाजा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, परत पाजा. एवढं एकच वाक्य आम्ही दिवसभर सांगत होतो.’’ शेकडा वीस-तीसच्या घरातलं मरणाचं प्रमाण साडेतीनच्या आसपास आलं. पुढे ‘लॅन्सेट’नंच या उपायाला शतकातल्या सगळ्यात मोठ्या वैद्यकीय शोधांत बसवलं.

महालनबिस २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण त्यानंतर जाहीर झालं. दीदीचं नाव कुठल्याच अहवालात नाही, तक्रारही नव्हती तिची. मला मात्र आहे. कारण ‘‘दहा मिनिटं थांबा, परत पाजा’’ हे वाक्य कुठल्या भाषेत, कुठल्या सुरात, कितव्यांदा सांगितलं की घाबरलेली आई ऐकते, ही विद्या आहे, आणि ती लिहून ठेवायला कुणाला सुचलं नाही.

यंत्रांचं मी लवकर आटोपते. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, ब्यर्न इब्सेन यांनी रोग्यांच्या गळ्यात नळी घालून हातानं पिशवी दाबत श्वास द्यायला लावला आणि शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन् महिने पिशव्या दाबल्या. तिथून अतिदक्षता विभाग जन्माला आला. १९५५ मध्ये स्वीडनमध्ये गोथेनबर्गला खास मुलांचा. आमच्याकडे मुलांसाठी व्हेंटिलेटर नीट दिसायला लागले ते नव्वदीच्या दशकात. तोवर आमचंही कोपनहेगनच चाललं होतं, फक्त विद्यार्थ्यांच्या जागी बाप. तागाच्या गिरणीतला एक कामगार मला आठवतो. पोराच्या नळीला ॲम्बू बॅग लावून दिली आणि त्याला शिकवलं: दाब, सोड, मनात दोन म्हण, परत दाब. छातीकडे बघायचं, पिशवीकडे नाही. गिरणीत मागावर उभं राहणाऱ्या माणसाचा ताल पक्का होता. रात्रभर चुकला नाही. पहाटे मी त्याच्या हातातून पिशवी घेतली तेव्हा त्याची बोटं उघडत नव्हती.

हे अभिमानानं सांगायचं का? नाही. बापाच्या हातात पिशवी द्यावी लागणं ही आमची नामुष्की होती.

पण शिकवलं तर माणूस शिकतो, हे या शहराच्या अनुभवात इतकं मुरलं होतं की त्यातून पुढे एक धीट प्रयोग निघाला. एसएसकेएम रुग्णालयात नवजात विभाग चालवणारे डॉ. अरुण सिंग यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी आजारी नवजात बाळांचे विभाग उभारायला घेतले. पुरुलियाचा विभाग २००३ चा, युनिसेफच्या मदतीनं. नंतर देशभर झालेल्या अशा विभागांचा, एसएनसीयूंचा, तो आद्य नमुना. बीरभूममध्ये सिउडीलाही असाच. नर्स पुरत नव्हत्या. तेव्हा आसपासच्या शाळा शिकलेल्या मुली निवडल्या, त्यांना काही महिने बाळाच्या कडेला उभं करून शिकवलं आणि ‘न्यूबॉर्न एड’ असं नाव दिलं. बाळ गरम ठेवणं, नळीनं दूध, श्वास मोजणं, हात धुणं, ऑक्सिजनवर लक्ष. याचे निष्कर्ष २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आणि २००७ मध्ये आणखी एका नियतकालिकात आले, आणि त्या लेखकांच्या यादीत परत एक ओळखीचं नाव आहे, दिलीप महालनबिस. छत्तीस वर्षं माणूस एकाच गोष्टीवर ठाम राहिला.

आमच्या नर्सांच्या संघटनांत या प्रयोगावर कुरकुर झाली. अर्धशिक्षित मुलींकडून नर्सचं काम करून घेता, मग आमच्या शिक्षणाला किंमत काय? कुरकुरीत तथ्य होतं. स्वस्तात काम भागतंय म्हटल्यावर नर्सची पदं भरायची घाई कुणाला राहते? तरी मी तेव्हाही त्या मुलींच्या बाजूनं बोलले होते. धनुर्वाताच्या खोलीतली दीदी मला आठवत होती.

आता कोर्स भरपूर झाले. २००३ पासून पश्चिम बंगालचं आरोग्यविज्ञान विद्यापीठ आहे, बालआरोग्य विषयात एम.एस्सी. आहे. नर्सिंग कौन्सिलचे नवजात नर्सिंगचे आणि अतिदक्षतेचे एकेक वर्षाचे डिप्लोमे आहेत, आणि गेल्या दहाएक वर्षांत क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रमही आला. चांगला आहे. बहुतेक वेळ वॉर्डातच घालवायचा, औषधांचं गणित आणि श्वासाचं शास्त्र दोन्ही. मला पंचवीस वर्षांत जे ठेचा खाऊन कळलं ते आता पुतळ्यावर सराव करून दोन वर्षांत कळतं. पुतळा सुजत नाही, ही केवढी सोय!

मग अडतं कुठे? बदलीत. माझ्या हाताखाली तयार झालेली एक मुलगी होती, तिच्या डोळ्याला बाळाचा रंग यंत्राच्या आधी कळायचा. वर्षाचा डिप्लोमा करून आली, आठ महिन्यांनी तिला डोळ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात टाकली. नियम असा, की ठरावीक काळानं जागा बदलते. तिच्या जागी हाडांच्या वॉर्डातून एक आली, बिचारी पहिल्या रात्री रडली. मी अर्ज केला. उत्तर आलं की नर्स ही नर्स असते. बालरोगतज्ज्ञाला कुणी डोळ्यांच्या ओपीडीत बसवत नाही, तेव्हा डॉक्टर हा डॉक्टर असतो असं उत्तर नसतं.

खाजगीकडे वेगळी तऱ्हा. कोलकात्याच्या मोठ्या खाजगी रुग्णालयांत केरळच्या, मणिपूरच्या मुली. मे २०२० मध्ये करोनाच्या भरात शेकडो मणिपुरी नर्स शहर सोडून गावी गेल्या. लोकांनी त्यांना नावं ठेवली. भाडेकरू म्हणून घरात घ्यायला तयार नव्हते, तेच लोक. व्हेंटिलेटर जागेवर होते, चालवणारे हात निघून गेले. आणि २०२३ च्या सुरुवातीला अडेनोव्हायरसनं बंगालची पोरं आजारी पडायला लागली, तेव्हा खाटांची मोजदाद रोज वर्तमानपत्रात यायची. खाटेशी उभ्या असलेल्या नर्सची मोजदाद कुणी छापली नाही. व्हेंटिलेटरवरच्या मुलामागे एक नर्स असा दंडक आहे.

भाचीनं हे सगळं तासभर ऐकलं, शेवटी म्हणाली, ‘‘मावशी, पण साल?’’ मी म्हटलं, तुझ्या मार्गदर्शक बाईंना चालेल ते घाल. प्रबंधाच्या शेवटी शिफारशी लिहायच्या असतात ना, तिथे मात्र माझ्याकडून एक घाल: मुलांच्या अतिदक्षता विभागात तयार झालेली नर्स तिच्या मर्जीविरुद्ध निदान पाच वर्षं तिथून हलवू नये. आणि बदलीच्या यादीवर सही करणारं कुणी हे वाचत असेल, कोलकात्यात किंवा नागपुरात, तर त्यांनाही माझी हीच विनंती आहे.